वहीतला रिकामा रकाना

तुळजापूर

चि. छकुलीस,

परवाच्या फोनपासून तुझा बोकडच डोक्यात आहे. जत्रेत त्याचा लिलाव होणार म्हणून तू रडलीस आणि बाबा म्हणाला, "मग फोर-एचमध्ये नाव घातलंसच कशाला?" मनावर घेऊ नकोस. त्यानं जन्मात शेळी राखलेली नाही.

आधी कामाचं. पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगाव हिंडलोय, म्हणून सांगतो. वजन भरावं म्हणून खच्ची बोकडाला लोक खुराक वाढवतात आणि तिथंच घात होतो. धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्यानं मूतखडा धरतो. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. वाळला चारा आणि स्वच्छ पाणी भरपूर. तो लघवीला कुंथताना दिसला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलाव.

आता त्या फोर-एचचं. तुमच्याच ओहायोत, क्लार्क काउंटीत, १९०२ साली ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकानं मुलामुलींना जमवून माती तपासायला, मका पिकवायला लावलं. त्यातूनच पुढं मुलांची ही फोर-एच संघटना उभी राहिली. डोकं, काळीज, हात आणि आरोग्य असे ते चार 'एच'. शेतीतली नवी गोष्ट मोठी माणसं ऐकत नाहीत, पण पोराच्या वाफ्यात आलेलं पीक बघतात. तिथं जनावर सांभाळणं हीच एक शाळा झाली.

आमच्या घरी उलटं होतं. आक्कानं शेळ्या राखल्या म्हणून मी शाळेत गेलो. शेळ्या काळ्याभोर उस्मानाबादी, त्याही वाट्यानं घेतलेल्या: दोन करडं झाली की एक मालकाचं, एक आमचं. आमच्या वाटणीचा बोकड आठवडी बाजारात जायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. आक्काला तो कळायचाही नाही. पैशातून माझी फी, माझी पुस्तकं. त्या दिवशी ती जेवायची नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उरलेल्या शेळ्या घेऊन माळावर.

म्हणून रडलीस याचं मला काही वाटलं नाही. बोकड कुठं जाणार हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी पाणी द्यायला तू एक दिवस चुकली नाहीस. लिलावाच्या दिवशी दोर दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तूच धर.

एक मात्र खटकलं. तुझ्या नोंदवहीचा फोटो बाबानं पाठवला. पिल्लाची किंमत, खुराक, औषध, दर खेपेचं वजन, सगळं नेटकं आहे. तुझे तास कुठं आहेत? थंडीत पहाटे उठून गोठ्यात गेलीस, दोरीला धरून चालायला शिकवलंस, ते कुठंच नाही. तुमच्या वहीत तसा रकाना नसेल तर पट्टी घेऊन आख. तो धरला, तर नफा कदाचित उरणारही नाही. चालेल. हिशेब खरा होईल.

आणि पान भरलं की मला पाठव. आक्काला वाचता येत नाही. मी तिला वाचून दाखवीन, तासांचा रकाना सगळ्यांत आधी.

तुझा,
आजोबा