घरचा भार कोणाचा?

आपल्या वसईतील एखाद्या कुटुंबात गृहिणीने नोकरी धरली की घराची घडी विस्कटल्यासारखे वाटू लागते. सायंकाळची जपमाळ मागेपुढे होते, सासूबाईंचा चहा लांबतो आणि ‘पैशांची एवढी काय निकड होती?’ असा प्रश्न तिला ऐकावा लागतो.

वास्तविक घराबाहेरचे श्रम आपल्या स्त्रियांना नवे नाहीत. लाल लुगडे नेसून, भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणाऱ्या आपल्या आज्यांच्या कष्टांवर कित्येक घरे उभी राहिली. मात्र ते कष्ट घरच्या वाडीचे मानले गेले. नोकरीतील वेळ आणि वेतन तिच्या स्वतःच्या नावावर असते. आपली अस्वस्थता येथूनच तर उगम पावत नसेल?

नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातील सद्‌गुणी स्त्री शेत पारखून घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. कुटुंबाविषयीच्या 1981 च्या प्रबोधनपत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रीच्या सार्वजनिक कार्यातील सहभागाचे पूर्ण समर्थन केले. घरातील तिच्या कार्याला बाहेरच्या कामापेक्षा कमी लेखू नये, असेही त्याच पत्रात त्यांनी बजावले. म्हणून नोकरी करणारी श्रेष्ठ आणि घर सांभाळणारी कनिष्ठ, असा भेद आपण करू नये.

परंतु न्यायाचा खरा प्रश्न यापुढे उभा राहतो. सून कामावर गेली की चूल सत्तरीच्या सासूकडे किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडे सरकते. एका स्त्रीचे ओझे दुसरीच्या डोक्यावर चढले, तर घरात न्याय झाला असे कसे म्हणावे? ‘मी तिला मदत करतो,’ असे पती कौतुकाने सांगतो. पण मदत या शब्दातच ते काम तिचे एकटीचे, हे गृहीत धरलेले असते.

पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर निखारे पेटवून रात्रभर थकलेल्या शिष्यांसाठी मासळी आणि भाकर तयार ठेवली होती, असे संत योहान सांगतो. प्रभूला जे काम हलके वाटले नाही, ते आपल्या घरातील पुरुषांना व मुलग्यांना हलके का वाटावे?

नोकरीचा निर्णय पतिपत्नींनी प्रार्थनापूर्वक, वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावा. त्याच बैठकीत घरातील कामेही वाटून घ्यावीत. आज रात्री जपमाळेपूर्वी ताटे कोण उचलणार, हे ठरवून आपल्याला प्रारंभ करता येईल.