उभा बैल

गेवराई तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये तीन सर्व्हर होते. एक वजनकाट्याचा, दुसरा हिशेबाचा, तिसरा मजुरांच्या हजेरीचा. तिघांना थंडावा मिळावा म्हणून खोलीत दिवसरात्र एसी चाले, आणि वीज गेली की जनरेटर.

दिवाळी सरली, कापूस येऊ लागला. सकाळी अकराला काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागे आणि नेमकी तेव्हाच पावती अडे. शेतकरी वैतागले. मालक म्हणाले, "चौथा सर्व्हर मागवा."

संगणक सांभाळणारी पोरगी शेतकऱ्याच्याच घरातली. ती म्हणाली, "काका, आठ दिवस द्या. आधी मोजते."

तिने वही घातली. तासातासाला तिन्ही यंत्रांवरचा भार टिपला. हजेरीचा सर्व्हर सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ राबे, बाकी दिवस मोकळा. हिशेबाचा शंभरात दहाच्या वर जाईना. काट्याचाही एरवी निवांतच. अकरा ते बारा तेवढा घामाघूम.

"त्याच वेळी का?" मालकांनी विचारलं.

"बॅकअपची वेळ अकराची लावलीय. उन्हाळ्यात लावली असेल, तेव्हा काटा रिकामा होता."

"बरं, ती बदल. पण बाकीचे दोन राहू दे की. उभे तर आहेत, खातात काय?"

"उभा बैल वैरण खात नाही का, काका? गूगलच्या दोन अभियंत्यांनी २००७ साली लिहून ठेवलंय, रिकामा सर्व्हरसुद्धा पूर्ण कामाच्या वेळी लागते त्याच्या जवळजवळ निम्मी वीज ओढतो. एसी आणि डिझेल वेगळंच."

"मग करायचं काय?"

"एकाच यंत्रात तीन आभासी सर्व्हर बसवायचे. यंत्र एक, कामं तीन, आणि एकाचं दुसऱ्यात मिसळत नाही. युक्ती जुनीच आहे. आयबीएमनं मोठ्या संगणकांसाठी ती १९७२ सालीच बाजारात आणली होती."

मालकांचे डोळे चमकले. "म्हणजे उरलेले दोन्ही विकून टाकू!"

"एकच विका. ऐन पेरणीत बैल लंगडला तर शेजारी आपला बैल देईल का? त्याचीही पेरणीच असते. दुसरा दावणीला राहू द्या."

मालक गप्प झाले, मग हसून म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं."

बॅकअप रात्री दोनवर गेला. तिन्ही कामं एका यंत्रावर आली, दुसरं अडीनडीला राहिलं, तिसरं विकलं. पुढच्या सोमवारी अकरा वाजता ट्रॅक्टर काट्यावरून उतरायच्या आत पावती शेतकऱ्याच्या हातात होती. चौथ्या सर्व्हरचं कोटेशन मालकांनी फाडून टाकलं.

तात्पर्य : नवा बैल घेण्याआधी दावणीतले किती राबतात ते मोजा, पण अडीनडीचा एक राखून ठेवा.