सलीम परत का आला

१९३६ हे साल यावल तालुक्याला फैजपूरमुळे आठवते. त्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन तिथे भरले, अध्यक्ष नेहरू होते, आणि चालत्या वकिलीवर पाणी सोडलेली कितीतरी माणसे तिथे जमली होती. त्यांना आपण बेधडक त्यागी म्हणतो. त्याच साली, काही महिने आधी, कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा राइट विंगर मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिक क्लबात पोचला होता. तो अनवाणी खेळे. सेल्टिकचे जिमी मॅकमेनेमी त्याच्या पायांना पट्ट्या बांधताहेत, ते छायाचित्र प्रसिद्धच आहे. राखीव संघाकडून तो अवघे दोन सामने खेळला. त्यांतल्या एकात गॅल्स्टनचा ७-१ असा धुव्वा उडाला. क्लबाला तो हवा होता. पण घरची ओढ लागली आणि गडी परत आला. या सोडण्याला काय म्हणायचे?

गीतेच्या अठराव्या अध्यायाचा निकाल वरवर पाहता सलीमच्या विरोधात जातो. त्रास होतो म्हणून कर्म टाकणे हा राजस त्याग, त्याचे पुण्य पदरात पडत नाही. परमुलखात करमेना, हाही त्रासच. पण सलीमने कर्म टाकले कुठे? कलकत्त्यात तो पुन्हा मोहमेडनकडूनच खेळू लागला, १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकणाऱ्या संघाकडून. सुटले ते युरोपातले नाव आणि पैसा, म्हणजे फळ. मुसलमान खेळाडूला गीतेचे माप कशाला, असे कोणी विचारील. मग त्याच्या धर्माचे लावू. तिथे कृत्याचे मोल नियत पाहून ठरते, आणि घराची ओढ ही काही खोटी नियत नव्हे. तिला वैराग्य मात्र म्हणता येणार नाही. सलीमला संत करण्याची गरजही नाही. तो पळपुटा नव्हता, एवढेच मला म्हणायचे आहे. पुण्या-सुरतेहून यावलकडच्या केळीच्या मळ्यात परतलेल्या पोराला ‘टिकला नाही’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी, तो परतल्यावर काय करतो हेही बघावे.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तोही गीतेतलाच: लोकसंग्रह, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी करायचे कर्म. सलीम तिथे राहिला असता तर मागच्यांना वाट झाली असती. बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबात गेला तो १९९९ साली, म्हणजे तब्बल ६३ वर्षांनी. हे नुकसान मी नाकारत नाही. पण त्याचा सगळा बोजा एकट्या विंगरच्या डोक्यावर का? सलीम परतला म्हणून सेल्टिकला दुसरा भारतीय खेळाडू बोलावण्याची बंदी नव्हती. शिवाय फैजपूरच्या वकिलांचा त्याग आपल्या कामी आला म्हणून मोठा, आणि सलीमचे परतणे फक्त घरच्यांच्या कामी आले म्हणून वाया, हा हिशेब लाभार्थ्यांनी मांडलेला आहे. आणि परतल्यावर तो काही कोपऱ्यात बसला नाही. गोऱ्या पलटणींचे संघ ज्या लीगमध्ये उतरत, तिथे अनवाणी विंगर पाहायला कलकत्त्याचे मैदान भरत असे. ती माणसे लोकसंग्रहातल्या ‘लोकां’त धरायची नाहीत, हे कोणी ठरवले?