तीनशेएकावं युनिट कुणाचं?

आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय की तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं, दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते बघायचं आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागायचं. त्या घडीला घरात किती वॉट खर्च होतायत ते कळतं. सोपं आहे.

मी हे शिकलो ते एका आजारी माणसाचा हिशोब काढायला.

रूममेटचे वडील उपचारांसाठी गावाहून आलेत. त्यांचं ऑक्सिजन मशीन दिवसरात्र चालतं. परवा दुपारी काका झोपलेले असताना मी फ्रिज, वायफाय, सगळं बंद केलं आणि खाली मीटरजवळ जाऊन उभा राहिलो. दहा लुकलुकी, ३२ सेकंद. म्हणजे ३५० वॉट. दिवसाला साधारण साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. आम्हा तिघांचं मिळून एरवी होतं २१०.

आता खरी गोम. आपल्याकडे विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. मग ही वरची महागडी युनिटं कुणाची? माझं पहिलं उत्तर तयार होतं: काकांची. आम्ही आधीचे, ते नंतर आले.

पण मीटरला आधी-नंतर कळत नाही. तीनशेएकावं युनिट कदाचित माझ्या गीझरनेच जाळलेलं असेल. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेल्या माणसालाच गर्दी म्हणायचं, तसलं हे माझं गणित. बाकीचे तिघे काय हवेत बसलेत?

मग सरळ तीन भाग करू, असं ठरवलं. त्यातही घोळ. तिसरा रूममेट आमच्यात सगळ्यात कमी कमावतो आणि घरी फक्त झोपायला येतो. त्याच्या खिशातून मी उदार होणार? त्याला विचारायला हवं, आणि विचारलं की तो नाही म्हणू शकणार नाही.

बिल यायला अजून आठ दिवस आहेत. काल घरी आलो तर मशीन बंद. काका भिंतीला टेकून बसलेले, दम लागलेला.

"लाइट गेली का काका?"

"नाही रे. तासभर निभतं त्याच्याशिवाय. परवा तू फ्रिज बंद करून खाली गेलास ना, तेव्हा मी जागाच होतो."

मी बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. काकांनी नळी नाकाला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघितलं.