१४ पूर्ण झाल्यावर

हॉटेलातल्या पोऱ्याबद्दल कुणी हटकलंच, तर मालक गल्ल्यातून आधार कार्डाची झेरॉक्स काढतो. ‘पंधरा पूर्ण आहेत, साहेब.’ विचारणाऱ्याचं समाधान होतं. कायद्याचं तेवढ्यावर होत नाही.

१९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं सर्वत्र बंद झालं. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत, चित्रपट-मालिका आणि खेळ एवढे अपवाद राहिले. (सर्कस त्यातूनही वगळली, हे बरं झालं.) १४ ते १८ मधल्या मुलांना कायदा किशोर म्हणतो. खाणी, स्फोटकं, धोकादायक प्रक्रिया त्यांना वर्ज्य. दुकान, वर्कशॉप, खाणावळ, शेत इथे चालतं. पण सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मग निदान तासभर विश्रांती, तीही धरून दिवसाचे सहाच तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइम नाही. आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी. या वेळांची नोंदवही मालकाने ठेवायची असते.

आता रात्री साडेनऊला आपल्या दारात किराणा घेऊन उभा असलेला मुलगा आठवा.

‘चार पैसे मिळवतो, वाईट संगतीला लागत नाही’ असं आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे. वडील अंथरुणाला खिळलेल्या घरात त्या पैशांनी चूल पेटते, आणि कष्टात कमीपणा नाही. म्हणूनच कायद्याने त्याचं काम बंद केलं नाही, त्याचा दिवस राखला. मुंबईतल्या रात्रशाळा संध्याकाळी भरतात. रात्री दहाला सुटणाऱ्या मुलासाठी त्या असून नसल्यासारख्या.

हा झगडा जुना आहे. १८८१ च्या कारखाना कायद्याने ७ ते १२ वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय ९ झालं, १४ पर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले. नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी लढले, तेही याच काळात. मोठ्या माणसांनाही लढून मिळवावी लागलेली सवड पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने कुणाकडे मागायची?

मला दोष एकट्या मालकाचा वाटत नाही. रात्री उशिरा सामान घरपोच हवं असतं ते आपल्याला, आणि त्या सोयीची किंमत मुलाच्या अभ्यासाच्या, झोपेच्या तासांतून वळती होते. उशिराची ऑर्डर सकाळवर ढकलणं आपल्या हातात आहे. वयाबरोबर सुटण्याची वेळही विचारा. पण मुलाला नको, त्याचं काम जाईल. मालकाला विचारा, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून, चारचौघांत. दोनदा सांगूनही फरक पडला नाही, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.