नाव नसलेला शिंपला

एकोणिसाव्या शतकात ज्यूल-रने बुर्गिन्या नावाचा एक फ्रेंच शंख-शिंपलेतज्ज्ञ होता. कवचाचा आकार जरा वेगळा दिसला, की हा नवी प्रजाती जाहीर करायचा. अशा उत्साहाने युरोपातल्या अ‍ॅनोडोंटा सिग्निया या गोड्या पाण्यातल्या एकाच शिंपल्याला पाचशेहून जास्त नावं चिकटली. पुढे कळलं, की तळ्यातल्या संथ पाण्यात कवच एका आकाराचं होतं, प्रवाहात दुसऱ्या.

मग डीएनए आला आणि वाटलं, आता वाद मिटला. पण गोड्या पाण्यातले बरेचसे शिंपले तिथेही चकवतात. आपल्याला मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. यांच्या नरात आईचा आणि बापाचा, दोन्ही असतात, आणि बापाचा मुख्यतः प्रजननाच्या भागात सापडतो. नमुना चुकीच्या जागचा घेतला, तर एकच नर दोन दूरच्या प्रजातींसारखा दिसेल!

डुप्लिकेट नोंदी मर्ज करणं हे माझं रोजचं काम. किती टक्के जुळल्या की दोन नोंदी एक धरायच्या, हा आकडा डेटा सांगत नाही. तो कुणीतरी ठरवून कोडमध्ये लिहितो. प्रजातींचंही मला तसंच वाटतं. फरक खरा असतो, रेघ आपली असते.

माझ्या कामात रेघ चुकली तर एखाद्याला दोनदा ईमेल जातो. इथे काय होतं? अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात एखाद्या प्राण्याच्या वेगळ्या पडलेल्या समूहालाही संरक्षण मिळू शकतं, पण प्राणी पृष्ठवंशीय असेल तरच. माशाला ही सोय आहे. शिंपल्याला प्रजाती किंवा उपप्रजाती म्हणून नाव मिळवावं लागतं. गंमत म्हणजे शिंपल्याची पिल्लं माशांच्याच कल्ल्यांना चिकटून नदीभर पसरतात. धरणाने मासे अडले की शिंपलेही अडतात. दोघंही सारखेच तुटतात, पण समूह म्हणून दाद मागता येते ती माशालाच.

प्रत्येक ओढ्यातल्या शिंपल्याला नवं नाव द्यावं, असं मी म्हणत नाही. बुर्गिन्याच्या वाटेने गेलो तर संरक्षणाचा तुटपुंजा पैसा नावांतच वाटला जाईल. पण शंका असेल तिथे मी वेगळं मानण्याच्या बाजूने आहे. जास्तीचं नाव नंतर खोडता येतं, ती पाचशे खोडलीच की. २०२३ मध्ये अमेरिकेने आठ शिंपले नामशेष झाल्याचं जाहीर केलं. या आठांना निदान नाव होतं, म्हणून ते गेल्याची नोंद तरी झाली.