पश्चात्ताप आणि सुधारणा

स्त्रीवर अथवा बालकावर लैंगिक अत्याचार करणारा बहुधा शिक्षा भोगून पुन्हां समाजांतच येतो. तो कसा होऊन येतो, हा प्रश्न त्याच्यावरील दयेचा नसून उद्यां ज्यांच्यावर आघात व्हावयाचा त्यांच्या रक्षणाचा आहे.

इंग्लंड व वेल्सच्या तुरुंगांत अशा कैद्यांसाठीं एक उपचारक्रम सुमारें पंचवीस वर्षें चालला. गटांत बसून अपराध मोकळेपणानें सांगावा, पीडितेच्या वेदना कल्पनेनें अनुभवाव्या, यावर त्यांत भर असे. २०१७ सालीं सरकारी अहवाल निघाला. उपचार घेतलेले २,५६२ आणि न घेतलेले १३,२१९ पुरुष सरासरी ८.२ वर्षें तपासले होते. पहिल्यांपैकीं शेंकडा १० जणांनीं पुन्हां लैंगिक गुन्हा केला, दुसऱ्यांपैकीं शेंकडा ८ जणांनीं! त्याच वर्षीं तो क्रम बंद झाला.

आमच्या मनास हें खटकतें. वाल्याचा वाल्मीकी होतो तो पापाची जाणीव झाल्यावर, अशी आपली समजूत. परंतु कॅनडांतील हॅन्सन व ब्युसिएर यांनीं १९९८ मध्यें ६१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हां गुन्हा नाकारणें किंवा पीडितेविषयीं कळवळा नसणें यांचा पुढील गुन्ह्याशीं फारसा संबंध आढळला नाहीं. विकृत वासना व पूर्वींचे गुन्हे यांचा मात्र आढळला. (वाल्यासही नुसतें लाजवून सोडलें नव्हतें, नारदानें त्याच्या हातीं नित्याचें एक काम दिलें होतें.)

उपचार निष्फळच, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. हॅन्सन प्रभृतींच्या २००९ च्या २३ अभ्यासांच्या समालोचनांत उपचारितांचें प्रमाण शेंकडा १०.९ व इतरांचें १९.२ दिसलें. ज्याच्यापासून धोका अधिक त्यावर अधिक श्रम करावे, गुन्ह्यास खतपाणी घालणाऱ्या संवयींनाच हात घालावा आणि शिकवणें त्याच्या बुद्धीस झेपेल असें असावें, हीं तीन तत्त्वें जेथें पाळलीं तेथें फळ अधिक मिळालें.

मग कबुलीचा हट्ट कशासाठीं? आमच्या मतें पश्चात्ताप हें पीडितेचें ऋण आहे. तें माफ करण्याचा अधिकार वैद्यासही नाहीं. पण तें ऋण फिटेपर्यंत उपचार अडवून धरणें म्हणजे एका स्त्रीच्या न्यायासाठीं दुसरीस उघडें टाकणें होय.

कॅनडांतील हॅमिल्टन येथें १९९४ सालीं सुटून आलेल्या अशाच एका मनुष्याभोंवतीं एका पाद्र्यानें कांहीं शेजारी जमविले. त्यांतून निघालेल्या मंडळांत चार-सहा साधीं माणसें सुटलेल्यास नेमानें भेटतात, त्याच्या बिऱ्हाडाची नि कामाची विचारपूस करतात, आणि तो जाऊं नये तेथें घुटमळूं लागला कीं त्यास तोंडावर जाब विचारतात.